दीड तास

मार्केट यार्डातला कांदा, किलोला अकरा रुपये.
तिसऱ्या पाकळीच्या आतला पापुद्रा
नखाएवढा कापून काचेवर पसरते.
परवा त्यात एक उसना जनुक सोडला होता,
आज पेशीपेशीत हिरवे ठिपके.
आणि ते पळतात.
थांबतात, वळतात, पुन्हा पळतात,
जसं कुणी हाक मारतंय आतून.

एकेक ठिपका म्हणजे एकेक गॉल्गी संकुल,
चपट्या पिशव्यांची चळत.
आमच्या पूर्व भागात चळत म्हटलं
की पुढचा शब्द चादरींची.
सर म्हणाले, मिस चिलवेरी, प्रबंधात उपमा नकोत.
बरं.
म्हणून हे इथे.

ब्रेफेल्डिन एका बुरशीची करणी.
उणे वीसला ठेवतो, कुपी करंगळीच्या पेराएवढी,
आणि आत्या टॉवेलांच्या घड्या घालून
दोन महिन्यांत जे मिळवते, तेवढ्याची.
ते मारत नाही पेशीला.
दोन प्रथिनांना एकमेकांत अडकवून ठेवतं
बोलणं अर्धवट असताना,
ना जुळलेली, ना सुटलेली.
बस, एवढंच करतं.

बारा मिनिटं : पळणं मंद.
पंचवीस : ठिपक्यांच्या कडा पसरट, शेपट्या फुटलेल्या.
चाळीस : ठिपका एकही नाही.
सगळं हिरवं मागे गेलंय आंतर्द्रव्यजालिकेत,
जिथून निघालं होतं तिथेच,
एक फिकट जाळं, पेशीभर.
मला वाटायचं, घडी मोडते तेव्हा कापड तरी उरतं.
इथे घडीचं परत सूत झालं होतं.

आत्या शनिवारी डबा घेऊन आली.
बायोमेट्रिकचं दार मी उघडून धरलं,
चपला बाहेर काढू का, तिनं विचारलं.
मोतीबिंदू न झालेला डोळा लावून
बराच वेळ बघितलं, मग म्हणाली,
"दिवे गेले की गं."
गेले नाहीत आत्या, पसरलेत.
"पसरले म्हंजे गेलेच की."

मग धुणं.
जुनं पाणी काढायचं, नवं सोडायचं,
पुन्हा काढायचं, पुन्हा सोडायचं.
ती लहानपणी रंगखात्यात होती,
तिला धुणं कळतं : लाल सूत
पाणी नितळ येईस्तोवर हौदातून काढायचं नाही.
"तुझ्या औषधाला रंग कुठला?"
रंग नाही.
"मग सुटलं हे कळतं कसं?"
कळत नाही. धूत राहायचं.
तिनं मान हलवली, जशी ती
खोटा भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्यापुढे हलवते,
आणि स्टुलावर बसून राहिली.

दीड तासानं
जाळ्याच्या एका कोपऱ्यात दाटसर काहीतरी.
मग दुसरं.
मग मोजता येईनात इतके.
मी मोजले तरीही : आधी एकशे त्रेचाळीस,
आता एकशे एकतीस.
बारा कुठे गेले ते वहीत लिहायला रकाना नाही.

"हेच का ते, मघाचे?"
माहीत नाही.
तेच पुन्हा घडीला आले
की सुतातून नवेच झाले
यावर मोठमोठी माणसं भांडतायत, आत्या.
"भांडू देत," ती म्हणाली. "पळतायत ना."

पळत होते.

शेजारच्या काचेवरच्या तुकड्याला
नुसतं द्रावक दिलेलं, औषध नाही.
तिथे सकाळपासून काहीच घडलं नव्हतं.
तोही बघितला तिनं, तितकाच वेळ,
आणि म्हणाली, हा बरा.

भिंग पुसायचा कागद तिच्या हातात होता.
बोलता बोलता तिनं त्याची घडी घातली,
कड कडेवर, न बघता,
आणि त्यावर दुसऱ्या कागदाची, तिसऱ्याची.
मी अख्खा डबाच तिच्यापुढे सरकवला.

एकाच पेशीवर निष्कर्ष निघत नाही.
मंगळवारी पुन्हा.
कांदा ताजा घ्यायला हवा.